थोरलीच्या दारातला दगड

सिंथोनिस देवळाच्या दाराशी पोचली तेव्हा दारवान ओनोफ्रिस दोन्ही हात पसरून उभा राहिला, सुटलेली शेळी अडवावी तसा.

"पुढं येऊ नकोस, पोरी."

"का? आत साप निघालाय?"

"दगड बघ."

दाराच्या उजव्या अंगाला एक नवा पांढरा दगड बसवला होता. अक्षरांत भरलेला लाल रंग अजून पुरता वाळला नव्हता. ग्रीक अक्षरे होती, सरळ ओळीत, सारख्या अंतरावर कोरलेली.

"मला वाचता येत नाही," सिंथोनिस म्हणाली. "आणि तुलाही येत नाही."

"मला पाठ करून दिलंय." ओनोफ्रिसने घसा साफ केला, डोळे मिटले आणि म्हणून दाखवले, "गर्भार बाई, ओली बाळंतीण आणि त्यांना शिवलेलं कुणीही, यांनी शुद्ध होईपर्यंत या उंबरठ्याच्या आत येऊ नये. देवी कुमारी आहे. कारभारी पोलेमॉन यांनी स्वखर्चाने बसवला." मग डोळे उघडून तो म्हणाला, "शेवटचं पण दगडावरच आहे. मी माझ्या मनचं घातलं नाही."

सिंथोनिसने आपल्या पोटाकडे पाहिले. ते खाली उतरले होते. आज-उद्याचीच गोष्ट होती. विणकरांच्या आळीतून इथवर ती भिंतींना टेकत टेकत आली होती. तिच्या हातात तेलाची कुपी होती.

"ओनोफ्रिसकाका, आत जी उभी आहे तिचं पोट पाहिलंय का कधी?"

"रोज बघतो."

"मग?"

"मग काय? मी दारवान आहे. पोटाचं मला काय विचारतेस?"

आतली देवी म्हणजे मागच्या पायांवर उभी राहिलेली पाणघोडी होती. पाठ मगरीची, स्तन लोंबलेले आणि पुढे आलेले मोठे गोल पोट. गावातल्या कितीतरी पिढ्यांच्या बायकांनी बाळंतपणाआधी त्या पोटाला तेल चोळले होते. त्यामुळे बाकीचे लाकूड करडे पडले तरी पोट काळे, गुळगुळीत राहिले होते. तिचे नाव थोएरिस, पण बायका तिला थोरलीच म्हणत. ग्रीक लोक आले, त्यांनी देवीच्या टोकदार तोंडाच्या माशावरून गावाला आपल्या भाषेत नाव दिले आणि देवीला पाहून ते म्हणाले, ही तर आमची अथेना. कशावरून, ते कोणी विचारले नाही. मोठ्या देवींची आपापसांत ओळख असणारच, असे गाव धरून चालले. पुढे कोणा श्रीमंताने तिच्या डोक्यावर सोन्याचा मुलामा दिलेले शिरस्त्राण चढवले आणि हाताशी भाला टेकवला. बायकांना ते आवडले. "शोभतं तिला," म्हातारी सुईण तामोइस म्हणायची. "खरं तर बाळंतपणाला निघताना प्रत्येकीला एक द्यायला हवं." तेव्हापासून गावच्या बायका देवीच्या पोटाला तेल चोळत, ग्रीक बायका तिच्या भाल्याला हार घालत आणि जाता जाता त्याही हळूच तेल चोळत. कुणाचे काही अडले नव्हते.

मग पोलेमॉन अलेक्झांड्रियाहून शिकून आला आणि देवळाचा कारभार त्याच्याकडे गेला.

सिंथोनिस याआधी दोनदा इथे आली होती. दोन्ही वेळा तिने तेल चोळले, डोके टेकले, गोड शब्दांत मागणे मागितले. पहिली मुलगी दात येईपर्यंत जगली. दुसरा मुलगा रडलाच नाही. त्यानंतर तिने या देवळाकडे पाठ फिरवली होती. आज ती मागायला आली नव्हती, बजावायला आली होती. देवाला दम देणे या गावाला नवे नव्हते. विंचू उतरवणारासुद्धा मंत्रात देवाला सुनावतो, की विष उतरले नाही तर तुझा नैवेद्य बंद. पण असा दम लांबून देता येत नाही. थोरलीच्या पोटावर हात ठेवायचा, तिच्या डोळ्यांत बघायचे आणि जे सांगायचे ते सांगायचे. बाळ बाहेर यायच्या आत एवढे व्हायला हवे होते.

"हात खाली घे, काका. मी जाऊन लगेच येते."

"माझी नोकरी जाईल, पोरी."

"नोकरी दुसरी मिळते."

आवाज ऐकून पोलेमॉन बाहेर आला. तो पस्तिशीचा, शांत चेहऱ्याचा माणूस होता. त्याचे वस्त्र पांढरे स्वच्छ होते. तो कधी ओरडून बोलत नसे.

"काय झालं?"

"कारभारी, मला देवीशी बोलायचंय."

"जरूर बोल. बाळंत हो, शुद्ध हो, मग ये. देवी कुठं पळून जात नाही."

"बाळ जातं," सिंथोनिस म्हणाली.

पाणी भरायला निघालेल्या दोघी-तिघी घागरी टेकवून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यामागे हातात कांद्याची जुडी घेऊन तामोइसही येऊन थांबली.

"हे बघ बाई," पोलेमॉन समजुतीने म्हणाला, "हा नियम मी मनानं काढलेला नाही. ग्रीक मुलखात सगळीकडं असंच असतं. आपण देवीला अथेना म्हणतो, मग तिला अथेनासारखं वागवायला नको का? अथेना कुमारी आहे. ती स्वतःसुद्धा आईच्या पोटातून आली नाही, बापाच्या डोक्यातून बाहेर आली. रक्त, वार, वेणा, यातलं काही तिच्याजवळ चालत नाही."

"बापाच्या डोक्यातून?" तामोइस मागून म्हणाली. "मग त्या बापाचं बाळंतपण केलं कुणी? आणि सुईणीला काय दिलं?"

बायका हसल्या. ओनोफ्रिस हसू दाबायला दुसरीकडे बघू लागला.

सिंथोनिस हसली नाही. "गर्भार बाईनं आत असू नये, असाच नियम ना?"

"असाच."

"मग आधी तिला बाहेर काढा. तीही पोटुशी आहे."

आता हसणे थांबले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. असे कुणाच्या डोक्यातच आले नव्हते आणि आता ते डोक्यातून जाईना.

पोलेमॉनने मान हलवली. या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे तयार होते. "तिचं पोट म्हणजे पोट नाही. जुन्या काळच्या कारागिरांना जे सांगायचं होतं ते त्यांना नीट घडवता आलं नाही. ते पोट म्हणजे ज्ञान. सगळं विश्व ज्यात सामावलंय असं ज्ञान. जाणत्यांना ते कळतं."

"आणि माझं?" सिंथोनिसने पोटावर हात ठेवला. "यात काय आहे म्हणायचं?"

"तू मुद्दाम वेड पांघरतेस."

"नाही, कारभारी. मी मागावर बसणारी बाई आहे. आडवा धागा निराळा, उभा निराळा, हे मला कळतं. दोन्ही मिळून कापड होतं. तुम्ही आमच्या देवीला भाला दिलात, आम्ही घेतला. शिरस्त्राण दिलंत, घेतलं. आम्ही कधी म्हटलं का, की हे परकं आहे, उतरवा म्हणून? आता तुम्ही म्हणता, शिरस्त्राण ठेवा आणि पोट काढा. मग राहिलं काय? टोपी?"

"आणि पोलेमॉन," तामोइस पुढे झाली. सगळे गाव त्याला कारभारी म्हणत असे. ही एकटीच नावाने हाक मारायची, कारण त्याची नाळ तिने कापली होती. "तुझी आई याच दारातून आत गेली होती. एवढं पोट घेऊन. तेल चोळून आली आणि मला म्हणाली, मावशी, आता भीती नाही. त्या वेळी ते ज्ञान होतं की तू होतास?"

पोलेमॉनचा चेहरा लाल झाला. "माझ्या आईला नियम ठाऊक नव्हता."

"तो नव्हताच. दगड तू काल बसवलास."

एव्हाना समोरच्या बिअरच्या भट्टीवरचे पुरुषही येऊन उभे राहिले होते. तामोइस त्यांच्याकडे वळली. "आणि तुम्ही रे? देवीचा मासा कापून खाल्ला म्हणून पलीकडच्या गावाशी काठ्या घेऊन लढलात. त्यांच्या देवाची कुत्री मारून खाल्लीत, अजून फुशारक्या मारता. माशासाठी एवढं! आता तिच्या लेकी दाराबाहेर ठेवल्या तर तोंडं शिवली का?"

पुरुषांनी तोंडे शिवलेलीच ठेवली. एक जण एवढेच म्हणाला, "कुत्रं चवीला वाईट नव्हतं."

सिंथोनिसला या बोलाचालीत रस उरला नव्हता. पाठीतून एक कळ निघून पुढे आली होती आणि ती आधीच्या कळांसारखी नव्हती. हिने मध्ये थांबून श्वास घेऊ दिला नाही. कळ ओसरल्यावर सिंथोनिस दोन पावले पुढे आली, नव्या दगडाला हात टेकला आणि उंबरठ्याला लागून, बरोबर बाहेरच्या बाजूला, खाली बसली.

"मी आत आलेले नाही," ती म्हणाली. "बघून घ्या. पाऊलसुद्धा नाही."

"इथं बसता येणार नाही."

"दगडावर तसं लिहिलंय का? काका, म्हणून दाखव बरं परत."

ओनोफ्रिसने डोळे मिटले. मग पोलेमॉनकडे पाहून उघडले. "बसण्याबद्दल काही नाही, कारभारी."

तेवढ्यात तिची पाणमोट फुटली. उंबरठ्याच्या फरशीवरून पाणी आतल्या बाजूला वाहत गेले. ओनोफ्रिस मांजरावर पाय पडावा तसा उडी मारून बाजूला झाला.

तामोइसने कांदे खाली टाकले. "ए, तू! माझ्या घरून विटा आण, कोनाड्यातल्या, चित्रं काढलेल्या. तू चादर आण. आणि तुम्ही पुरुष, पाठी फिरवा आणि तिथंच उभे राहा. भिंत लागणारच आहे, तुमचा तेवढा तरी उपयोग."

पोलेमॉनचा आवाज पहिल्यांदाच चढला. "इथं नाही! देवळाच्या दारात जन्म होऊ द्यायचा नाही. ओनोफ्रिस, उचल तिला, गल्लीच्या टोकाला ने."

ओनोफ्रिस जागचा हलला नाही. "उचललं तर मी शिवलो, कारभारी. त्यांना शिवलेलं कुणीही, असं आहे. मग दारावर कोण उभं राहणार?"

पोलेमॉनने भट्टीवाल्यांकडे पाहिले. ते पाठ फिरवून उभे होते आणि पाठीला कान नसल्यासारखे वागत होते. त्याने स्वतः एक पाऊल पुढे टाकले. सिंथोनिसने मान वर करून त्याच्याकडे पाहिले.

"या," ती दात आवळून म्हणाली. "धरा मला. मग आपण दोघंही बाहेर."

तो थांबला. तो ढोंगी नव्हता. त्याचा स्वतःच्या नियमावर खरोखर विश्वास होता आणि नेमके तेच त्याच्या आड आले.

चादर आली. बायकांनी ती धरली. विटा मांडल्या गेल्या आणि सिंथोनिस त्यांवर पाय देऊन उकिडवी बसली. तामोइस तिच्या पुढ्यात गुडघ्यावर टेकली. एक बाई मागून तिच्या काखेत हात घालून राहिली. सिंथोनिसचे तोंड देवळाच्या आतल्या अंधाराकडे होते. तिथून शिरस्त्राणाची कड तेवढी चमकताना दिसत होती.

"मावशी, माझं तिच्याशी बोलणं राहिलं."

"ओरड इथूनच."

"नाही. हात ठेवल्याशिवाय नाही."

"मग आवळून धर. जमेल तेवढं थांबव."

ज्यांनी बाळंतपण केले आहे त्यांना माहीत असते की त्यात थांबवण्यासारखे काही नसते. तरीही सिंथोनिसने थांबवायचा प्रयत्न केला.

तोवर आत जाऊन पोलेमॉनने दुसरा मार्ग काढला होता. बाईला हलवता येत नसेल तर देवीला हलवायचे. विटाळाच्या जागी कुमारी देवीने राहू नये. चौकापलीकडे सरापिसचे देऊळ होते, तिथे तिला नेऊन ठेवायचे आणि इथे शुद्धी झाल्यावर परत आणायचे. सरापिस हा देवही दोन मुलखांचा मिळूनच झाला होता, पण त्याला दाढी होती आणि त्याच्या पोटाबद्दल कधी प्रश्न निघाला नव्हता. पोलेमॉनने देवीच्या भोयांना बोलावले. दांड्यांवरचा देव्हारा काढला, थोरलीला त्यात उभी केली, पडदा सोडला. देव्हारा मावेल असे दार देवळाला एकच होते.

पुढच्या दांडीला पेकीसिस होता. तो सिंथोनिसचा थोरला भाऊ. गुळगुळीत डोके, कोरे पांढरे धोतर, खांद्यावर वर्षानुवर्षांचा घट्टा. पोलेमॉन पुढे चालत पाणी शिंपडत होता.

"डाव्या बाजूनं," तो म्हणाला. "भिंतीला घासून चला. तिकडं बघू नका."

भोई उंबरठा ओलांडून बाहेर आले. डाव्या बाजूला जागा बेताची, पण पुरेशी होती. पहिली जोडी चादरीला वळसा घालून गेली, मागची जोडी दारातून बाहेर पडली, देव्हारा सिंथोनिसच्या समोर आला आणि पेकीसिस थांबला.

"चला," पोलेमॉन म्हणाला.

"चालत नाही, कारभारी."

"काय चालत नाही?"

"खांदा. जड झाली."

पाठ फिरवलेले पुरुषसुद्धा वळले. देवी खांद्यावर असताना बोलते ती अशीच: हवे तिकडे ओढते, नको तिथून मागे सरते आणि थांबायचे असेल तिथे जड होते. मग तिला पुढे रेटण्याचा अधिकार कुणालाच नसतो, कारभाऱ्यालाही नाही आणि राजालाही नाही.

"नाटक करू नकोस, पेकीसिस," पोलेमॉन दबक्या आवाजात म्हणाला. "ती तुझी बहीण आहे."

"मी एकटाच उचलतोय का? मागच्यांना विचारा, त्यांची कुणी नाही ती."

मागच्या भोयांपैकी एक जण, चौकातल्या न्हाव्याचा भाऊ, नुसता दम टाकत म्हणाला, "मालक, कंबर मोडेल."

सिंथोनिसने भावाचे गुडघे पाहिले. ते थरथरत होते. मानेवरची शीर टरारून फुगली होती. हे थोरलीचे वजन आहे की दादाचे, ते तिला समजले नाही. समजून घ्यायला वेळही नव्हता.

"दादा, खाली ठेव तिला."

देव्हारा खाली टेकला. पोलेमॉनने पाण्याचे भांडे दोन्ही हातांनी धरले होते. त्यातले पाणी त्याच्या पायांवर सांडत होते. तामोइसने हात लांबवून पडदा बाजूला केला.

उन्हात थोरलीला सहसा कुणी पाहत नसे. शिरस्त्राण एका बाजूला कलले होते. काळ्या पोटावर कितीतरी हातांचे तेल चकाकत होते. तोंड उघडे, दात दिसणारे. देवी रागावलेली होती की कळा देत होती, ते बघणाऱ्यावर होते.

सिंथोनिसने मागच्या बाईच्या हातांतून स्वतःला पुढे झोकले आणि तळहात त्या पोटावर ठेवला. लाकूड ऊबदार लागले. कळ तिच्या अंगात वर वर चढत होती आणि तिला शब्द तेवढ्यात बसवायचे होते.

"दोन नेलीस," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण गल्लीत प्रत्येकाला ऐकू गेला. "दोन्ही वेळा मी गोड बोलले. आता नाही बोलणार. हे माझं आहे. हे नेलंस तर या गावात तुझ्या पोटाला तेल लागणार नाही. मी दारोदार जाऊन सांगेन. एकेकीला सांगेन, की थोरली आहे ती नुसती टोपी. ऐकलंस?"

कुणीतरी बाई घाबरून पुटपुटली. तामोइस म्हणाली, "ऐकलं तिनं. आता जोर लाव."

सिंथोनिसने हात काढला नाही. तिने त्याच हातावर भार दिला आणि जोर लावला. देव्हारा करकरला. तिची किंकाळी भिंतीवर आदळून परत आली, मग दुसरी, आणि मग तामोइसच्या हातात ओले, निळसर, गप्प काहीतरी आले.

गप्प.

तामोइसने त्याला उलटे धरले, तोंडात बोट फिरवले, पाठीवर चापट मारली. सिंथोनिस बाळाकडे बघत नव्हती. ती थोरलीच्या डोळ्यांत बघत होती आणि तिची बोटे त्या लाकडावर पांढरी पडली होती.

बाळ रडले. आधी मांजराच्या पिलासारखे, मग भांडणाऱ्या बाईसारखे.

"मुलगी," तामोइस म्हणाली. "आवाजावरून आईवर गेलीय."

बायकांनी जीभ फिरवून असा गजर केला की समोरच्या भिंतीवरची कबुतरे उडाली. ओनोफ्रिस डोळे पुसत होता आणि ते कुणी बघितले नाही असे समजत होता. बाळ पुसून, गुंडाळून सिंथोनिसच्या छातीशी दिले गेले. वार पडली, नाळ कापली गेली. मग पोलेमॉन जवळ आला, पण फार जवळ नाही.

"पेकीसिस, आता उचला. सरापिसच्या देवळात."

"तिकडं कसं नेणार?" सिंथोनिसने भिंतीला पाठ टेकवत विचारले. ती घामाने निथळत होती आणि तिचा आवाज बसला होता, पण शब्द स्पष्ट होते. "मी तिला शिवलेय. बाळंतिणीला शिवलेलं कुणीही, शुद्ध होईपर्यंत उंबरठ्याच्या आत नाही. सरापिसला पण विटाळ चालत नसेल ना?"

पोलेमॉनने देवीकडे पाहिले, दगडाकडे पाहिले. तो मनात नियम पुन्हा म्हणून बघत होता हे दिसत होते. नियमात कुठेही फट नव्हती.

"मग तिला ठेवायचं कुठं?" शेवटी त्याने विचारले, आणि हे तो खरेच विचारत होता.

"जिथं आहे तिथं. माझ्याबरोबर."

"उघड्यावर?"

"चादर आहे," तामोइस म्हणाली. "कनात लावू. बाळंतिणीची खोली म्हणा."

पेकीसिसने देव्हाऱ्याच्या दांड्या काढून भिंतीला लावून ठेवल्या आणि खांदा चोळत खाली बसला. बाकीचे तिघेही बसले. कुणीतरी त्यांना बिअरचे मडके आणून दिले. बातमी आळीआळीतून पसरत गेली तशा बायका येऊ लागल्या, हातात तेल घेऊन. गावच्या आल्या, ग्रीक आल्या, पोट असलेल्या, नसलेल्या. उंबरठा कुणी ओलांडला नाही. ओलांडायची गरजच नव्हती. पोलेमॉन रिकाम्या देवळाच्या दारात उभा राहून सगळे बघत होता. बऱ्याच वेळाने एक तरुण ग्रीक बाई त्याच्यासमोर थांबली आणि हळूच म्हणाली, "कारभारी, शिरस्त्राण वाकडं झालंय. सरळ करता का? आमचा हात पोचत नाही."

तो जागचा हलला नाही. शिरस्त्राण वाकडेच राहिले.

बाळ छातीशी लागून ओढू लागले होते. सिंथोनिसचे डोळे मिटत होते, तरी ती ते उघडे ठेवत होती. थोरलीचा राग गेला की नाही, ते तिला माहीत नव्हते. दात येईपर्यंत पुष्कळ दिवस होते आणि त्यापुढेही पुष्कळ. तिने मोकळा हात लांब करून पुन्हा त्या पोटावर ठेवला.

"मी इथंच आहे," ती देवीला म्हणाली. "माझं लक्ष आहे तुझ्यावर."